बांध नसलेलें तळें

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



राजुऱ्यासारख्या गांवीं राहणाऱ्या एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें समुद्रांतील मासळीवर बोलावें, हें ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटेल. आमच्या भोंवतीं सागवानाचीं जंगलें, कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने. मुंबईचा किनारा येथून शेंकडों मैल दूर. तथापि आमचा आणि समुद्राचा संबंध दोन वाटांनीं जुळलेला आहे. राजुरा आणि बल्लारपूर यांच्यामधून वाहणारी वर्धा नदी पुढें वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि अशा रीतीनें आमच्या शिवारावर पडलेलें पाणी शेवटीं पूर्वसमुद्रास जातें. उलट आमच्या आठवडी बाजारांत गोणपाटावर मांडलेला सुका बोंबील बहुधा पश्चिमसमुद्रांतून आलेला असतो. ज्या घरीं मटण परवडत नाहीं, त्या घरीं मूठभर सुकटीनें भाकरीला चव येते. तेव्हां समुद्रांतील मासळी आटली, तर तिची झळ केवळ कोळीवाड्यालाच लागेल असें नव्हे. ती आमच्यासारख्या जंगलांतल्या गांवालाही लागेल.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. समुद्रांतील मासळी ही सर्वांची सामाईक वस्तु आहे, आणि सामाईक वस्तु एकट्याच्या संयमानें राखली जात नाहीं. तो संयम शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मिळून, एकाच नियमानें पाळावा लागतो.

हें समजण्यास आपल्याकडील तळ्याचें उदाहरण फार उपयोगी आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत जुनीं मालगुजारी तळीं हजारोंनीं आहेत. तळ्याला बांध असतो. आमच्याकडे त्याला पाळ म्हणतात. अशा तळ्यांत ढिवरबांधवांची सहकारी संस्था मत्स्यबीज सोडते, बोटभर पिलें वाढूं देते, आणि मासा वजनाला भरला म्हणजे बाहेर काढते. हातीं आलेलें पिलूं ढिवर पुन्हां पाण्यांत सोडतो, याचें कारण त्याचें मन इतरांहून उदार असतें असें नव्हे. सोडलेलें पिलूं पाळीच्या आंतच राहणार, आणि उद्यां मोठें होऊन आपल्याच जाळ्यांत येणार, याची त्याला खात्री असते. आतां नदीकडे वळूं. नदीला पाळ नाहीं. मी वरच्या अंगास सोडलेला मासा खालच्या गांवचा मनुष्य धरील. मग मीच तो कां सोडावा? खालचा मनुष्यही वरच्याविषयीं नेमकें हेंच म्हणतो. दोघेही आपापल्या परीनें शहाणेच. पण दोघांच्या शहाणपणानें डोह मात्र रिकामा होतो. समुद्र हें असेंच एक बांध नसलेलें तळें आहे. फरक इतकाच कीं, त्याच्या कांठीं दोन गांवें नसून अनेक राज्यें आणि अनेक राष्ट्रें आहेत.

आपल्या महाराष्ट्राचा किनारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सातशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. उत्तरेस गुजरात, दक्षिणेस गोवा आणि त्यापुढें कर्नाटक. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचें नियमन राज्य सरकारकडे आहे; त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतचें क्षेत्र केंद्र सरकारच्या अखत्यारींत येतें. या रेषा नकाशावर आहेत. पाण्यांत त्या नाहींत, आणि माशांना तर त्या कोणी शिकविलेल्याच नाहींत. २०२३ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्रानें रुपेरी पापलेटाला, म्हणजे सरंग्याला, राज्यमाशाचा मान दिला. ही घोषणा करणारे तेव्हांचे मत्स्यव्यवसायमंत्री श्री. सुधीर मुनगंटीवार हे, योगायोग असा कीं, समुद्र नसलेल्या आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांतलेच. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत गुजरातनें घोळ मासा आपला राज्यमासा म्हणून जाहीर केला. परंतु सरंगा गुजरातच्याही पाण्यांत सांपडतो आणि घोळ महाराष्ट्राच्याही पाण्यांत. एकानें आपल्या मानाच्या माशाचीं पिलें राखावीं आणि शेजाऱ्यानें तींच उपसून न्यावीं, असें झालें तर त्या मानाचा उपयोग तो काय?

पूर्वीं हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. कोळ्याच्या हातीं शिडाची होडी होती. भरती-ओहोटीच्या ओढीवर लावावयाचें डोल जाळें होतें. मालवणकडे किनाऱ्यावरून ओढावयाची रापण होती. रापणींत गांवचीं कित्येक कुटुंबें मिळून दोर ओढीत आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पाडीत. वारा, लाटा आणि मनगटाचें बळ यांनींच तेथें मर्यादा घातलेली होती. १९२१-२२ सालीं 'विल्यम कॅरिक' नांवाच्या आगबोटीनें मुंबईच्या समुद्रांत ट्रॉल जाळें ओढण्याचे प्रयोग झाले. परंतु तेवढ्यानें कोळ्याच्या धंद्याची रीत बदलली नाहीं. स्वातंत्र्यानंतर मात्र होड्यांवर इंजिनें बसलीं, बर्फाचे कारखाने निघाले, नायलॉनचीं जाळीं आलीं, समुद्राचा तळ खरवडीत जाणारे ट्रॉलर आले. त्यापुढें पर्ससीन आलें. माशांच्या थव्याला वेढा घालून बटव्याच्या नाडीप्रमाणें तळाशीं आवळतां येणारें हें प्रचंड जाळें अख्खा थवा एका फेऱ्यांत उचलूं शकतें. अलीकडे तर रात्रीं पाण्यावर प्रखर एलईडी दिवे पाजळून थवे एका जागीं गोळा करण्याची युक्ति निघाली आहे. यंत्र वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. इंजिनानें कोळ्याचे कष्ट हलके केले आणि वादळांत घरीं परतण्याची आशा वाढविली. पण निसर्गानें घातलेली मर्यादा यंत्रानें दूर केल्यावर तिच्या जागीं माणसानें स्वतःची मर्यादा घालणें प्राप्तच होतें.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, जी १९४७ सालीं स्थापन झाली आणि जिचें मुख्य ठाणें आज कोची येथें आहे, ती देशाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची मोजदाद ठेवते. तिच्या हिशेबानें महाराष्ट्रांत २०१८ सालीं २.९५ लाख टन मासळी उतरली, तर २०१९ सालीं २.०१ लाख टन. म्हणजे एका वर्षांत जवळजवळ एकतृतीयांश घट, आणि ४५ वर्षांतला नीचांक. त्या वर्षीं लागोपाठ वादळें झालीं आणि होड्या पुष्कळ दिवस किनाऱ्यावर बसून राहिल्या, हेंही खरें. एका वर्षाच्या आंकड्यावरून समुद्र संपला असा ओरडा करणें शहाणपणाचें नव्हे; पण तो आंकडा विसरून जाणें हेंही शहाणपणाचें नव्हे.

कोणी म्हणेल, एवढा अफाट समुद्र, त्यांतले मासे संपतील कसे? अशी समजूत थोरामोठ्यांचीही होती. १८८३ सालीं लंडनच्या मत्स्यप्रदर्शनांत थॉमस हक्स्ले यांच्यासारख्या विख्यात शास्त्रज्ञानें समुद्रांतील मोठ्या मासेमारीला अंत नाहीं, असेंच मत दिलें होतें. पुढें काय घडलें तें कॅनडाच्या न्यू फाउंडलंड बेटानें पाहिलें. तेथील कॉड माशावर शतकानुशतकें युरोप जेवला. १९६८ सालीं अनेक राष्ट्रांच्या मोठमोठ्या जहाजांनीं तेथून आठ लाख टनांहून अधिक कॉड काढला. पुढें कॅनडानें २०० मैलांची हद्द आंखून परक्यांना दूर केलें, पण मग त्याच्या स्वतःच्या बोटींनीं तोच सपाटा चालविला. अखेर २ जुलै १९९२ रोजीं सरकारला ही मासेमारी बंद करावी लागली, आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार बुडाला. दोन वर्षांसाठीं म्हणून घातलेली ती बंदी ३२ वर्षें चालली. २०२४ च्या जूनमध्यें ती उठली, तेव्हां त्या हंगामापुरती परवानगी मिळाली ती केवळ १८,००० टनांची.

याच्या उलट धडा युरोपच्या उत्तरसमुद्रानें दिला. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत सुरुंग आणि पाणबुड्या यांच्या भीतीनें तेथील मासेमारी फार मंदावली. युद्ध संपल्यावर कोळी पुन्हां समुद्रावर गेले, तों मासे पूर्वींपेक्षां संख्येनें अधिक आणि अंगानेंही मोठे! थोड्याच वर्षांत बेसुमार मासेमारीनें ती समृद्धि ओसरली. १९३९ ते १९४५ च्या युद्धानंतर पुन्हां तोच अनुभव आला. मासा विसांवा मागतो आणि विसांवा मिळाला कीं भरभरून परत येतो, हें त्यावरून सिद्ध झालें. शत्रुत्वाच्या भयानें जें घडलें, तें शेजाऱ्यांच्या समजुतीनें घडवितां येऊं नये काय?

आपल्याकडे अशी समजूत अगदींच नव्हती असें नाहीं. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या, आणि नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करून मगच जाळें पाण्यांत टाकावें, ही कोळ्यांची जुनी चाल. खवळलेल्या दर्यापासून जीव वांचविणें हा तिचा एक हेतु. पण याच दिवसांत पुष्कळ जातींचे मासे अंडीं घालीत असल्यामुळें मासळीचाही जीव तिनें वांचत असे. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. कित्येक मच्छीमार संघटना ती आणखी वाढवावी अशी मागणी स्वतःहून करीत असतात, ही आशेची खूण होय.

काळाच्या या नियमाखेरीज आणखी दोन नियम महत्त्वाचे आहेत: एक जाळ्याचा आणि दुसरा माशाच्या आकाराचा. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाशीं जे आस असतात, म्हणजे दोऱ्यांमधलीं भोंकें, तीं शंकरपाळ्यासारखीं असलीं तर ओढ बसतांच मिटतात आणि पिलें आंत अडकतात. चौकोनी असलीं तर उघडीं राहून पिलांना वाट देतात. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें पर्ससीनच्या हंगामाला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढी मर्यादा घातली गेली. २०१७ सालीं केंद्रानें आपल्या क्षेत्रांत एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. २०२१ सालीं राज्यानें कायदा सुधारून दंड वाढविला. आणि २०२३ च्या नोव्हेंबरांत ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरविण्यांत आली. सरंगा १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. याहून लहान मासा धरूं नये.

नियम झाले, मग उणें कोठें आहे? उणें आहे तें एकवाक्यतेंत आणि अंमलांत. बारा मैलांच्या आंत जें जाळें निषिद्ध, तें बाहेर चालत असेल, तर रात्रीं रेषा ओलांडण्यास कितीसा वेळ लागतो? एका राज्यानें ठरविलेली लांबी दुसऱ्या राज्याच्या बंदरांत कोणी विचारीत नसेल, तर मासा कोठें उतरवावा हें चुकविणाऱ्याला शिकवावें लागत नाहीं. याकरितां किनाऱ्यावरील सर्व राज्यांनीं बंदीच्या काळाप्रमाणेंच जाळें आणि आकार यांविषयींही एक नियम करावा, आणि तो समुद्रांत गस्तीनें व बंदरांत मोजपट्टीनें पाळला जावा.

येथें एक न्यायाची गोष्ट विसरतां कामा नये. संयमाचा भार सर्वांवर सारखा पडला पाहिजे. मोठ्या बोटीनें पहाटेपूर्वीं थवाच्या थवा उचलून न्यावा, आणि नियमांचें पुस्तक मात्र लहान होडीवाल्यापुढें उघडावें, असें झालें तर त्या नियमाला कोण मान देईल? गोव्यांत १९७० नंतरच्या काळांत रापणकारांनीं जें आंदोलन केलें, तें याच अन्यायाविरुद्ध होतें, आणि १९८० सालीं तेथें मासेमारी नियमनाचा कायदा झाला त्यामागें त्यांची चळवळ होती. बंदीच्या महिन्यांत गरीब कोळ्याच्या घरची चूल पेटती राहील अशी तजवीज करणें हा त्याच न्यायाचा दुसरा भाग होय. उपाशी माणसाला उद्यांच्या मासळीचा उपदेश करणें सोपें, पण तो व्यर्थ.

आतां आपण समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनीं काय करावें? शाळकरी मुलाच्या कंपासपेटींत १५ सेंटिमीटरांची एक पट्टी असते. राज्यमासा किमान त्या पट्टीएवढा असावा, दीड सेंटिमीटर इकडेतिकडे, इतकें ध्यानांत ठेवलें तरी पुरे. चंद्रपूरला किंवा नागपूरला बाजारांत त्याहून लहान पापलेट स्वस्त म्हणून कोणी पुढें केलें, तर तें घेऊं नये. गिऱ्हाईक नसेल तर पिलूं धरण्यांत कोणाचा फायदा? दुसरें असें कीं, मृगाच्या पहिल्या पुराबरोबर आमच्या नाल्या-ओढ्यांतून अंड्यांनीं भरलेले मासे वर चढूं लागतात, तेव्हां गांवोगांव लोक टोपल्या घेऊन धांवतात. त्या चार दिवसांत हात आंवरण्याचा ठराव वर्धेच्या दोन्ही कांठच्या गांवांनीं मिळून केला, तर समुद्रकांठच्या राज्यांना कांहीं सांगण्याचा अधिकार आम्हांस येईल. एकट्या गांवानें केला तर तो टिकणार नाहीं; पलीकडचें गांव बरोबर असेल तर टिकेल.