अळंबीचं रान दाव्यात लिहा
(राधानगरी तालुक्यातल्या बैठकीत केलेलं भाषण)



पाऊस ओसरायला लागलाय. सड्यावर सोनकी पिवळी झाली, ओल्या कातळावर सीतेची आसवं निळी दिसतात, तेरडा अजून बांधावर हाय. या दिवसांत शहरातून माणसं येतात, फुलांचे आणि कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटो काढतात. येऊ देत, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण त्याच वाटेनं आपली बाई टोपली घेऊन निघाली की तिलाच विचारणा होते, "हे अभयारण्य आहे, कुठं चाललीस?"

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीमध्ये अभयारण्यसुद्धा धरलंय. राधानगरी अभयारण्यातही आपला दावा चालतो. परंपरेनं गोळा करत आलेलं गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क कलम ३ मध्ये हाय.

आता अडचण ऐका. गौण वनोपज सांगताना कायद्यानं बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपानं, औषधी वनस्पती, कंदमुळं अशी नावं घेतली. अळंबीचं नाव तिथं नाही. उद्या कुणी म्हणेल, अळंबी वनस्पती नव्हे, बुरशी आहे. शास्त्रात ते खरंच हाय. म्हणून आपण दाव्यात अळंबी नावानिशी लिहायची. "इतर" म्हणून सोडायची नाही.

पुरावा कुठला? तो आपल्या पायाखाली हाय. वारुळाची अळंबी वाळवीच पोसते. वारूळ शाबूत असेल तर ती पुढच्या पावसात पुन्हा तिथंच येते. कुठल्या रानात, कुठल्या नक्षत्राला, हे आपल्या आज्यांना पाठ हाय. नियमात जाणत्या माणसांचा लेखी जबाब पुरावा धरलाय, वनोपज गोळा करायच्या जागाही धरल्यात. मात्र एकापेक्षा जास्त पुरावे जोडा.

धनगरवाड्यावरच्या भावांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जुना कागद नसला तर म्हाताऱ्यांना कारवीचे फुलोरे विचारा. कारवी सात वर्षांनी फुलते. दहा-अकरा फुलोरे मागं गेलं की ७५ वर्षं होतात. कुठल्या फुलोऱ्याला कोण जन्मलं, गुरं कुठं होती, हे त्यांना आठवतं. ते लिहून घ्या.

फुलं आपण विकत नाही, मग सडा कशाला लिहायचा? सड्यावर मातीचा थर पातळ, त्यावरच गवत, फुलं, मधमाशी, गुरांची चराई. जिल्ह्यातले काही सडे बॉक्साइटसाठी खणले गेले. तिथं पुन्हा तशी सोनकी उगवायची नाही. सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळाला की ते राखायचा अधिकार ग्रामसभेला येतो. २०१२ साली राधानगरी अभयारण्य जागतिक वारशात गेलं. हा वारसा आजवर ज्यांनी राखला त्यांचं नाव कागदावर यायला पाहिजे.

आता काम. दसऱ्याच्या आत प्रत्येक वाडीनं रानफेरी काढायची. दोन जाणती माणसं, अळंबी काढणाऱ्या दोन बायका आणि लिहिणारं एक पोरगं किंवा पोरगी. जागेचं आपलं नाव, काय मिळतं, कुठल्या महिन्यात, किती पिढ्या, एवढं वहीत उतरवा. रानाचं नाव लिहा, एकेक वारूळ लिहू नका. ते बाहेरच्याला दाखवायचंही नाही. वहीत लिहिलेलं ग्रामसभेत वाचून ठराव करा आणि दाव्याला जोडा.

पोरांनो, आणखी एक. चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडला तरच विषारी, ही समजूत खोटी हाय. जाणत्या बाईनं ओळखली नाही ती अळंबी चुलीवर चढवायची नाही. विषाचा त्रास कधी सहा-आठ तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. उलट्या-जुलाब झाले की उरलेली अळंबी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

अळंबी काढताना वारूळ फोडू नका, काही छत्र्या मागं ठेवा. राखतो त्याचाच हक्क, हे आपण बोलतो. वहीतही तेच दिसू द्या.

जल, जंगल, जमीन, जिंदाबाद!