सांगणारा कोण, लिहिणारा कोण?

वडगाव रासाईचे ग्रामस्थ, भीमेपलीकडून आलेले दौंडकर, लेखक आणि वाचक मंडळी,

साहित्याच्या व्यासपीठावर जनगणनेचं काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल तर उत्तर आधीच देऊन टाकलेलं बरं. अमुक माणूस कोण, हे ठरवण्याचा मक्ता सरकारने घेतला तसा लेखकांनीही घेतला. ज्याच्याविषयी लिहायचं त्याला विचारण्याची तसदी दोघांनीही क्वचितच घेतली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून जनगणना होते आहे आणि १९३१ नंतर प्रथमच तिच्यात सर्वांची जात नोंदली जाणार आहे. हा विषय पुढच्या संमेलनावर ढकलता येणार नाही.

आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचंच बघा. मराठी वाचकाला सिद्दी ठाऊक आहे तो जंजिऱ्याच्या तटावरचा, नाहीतर १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा जौहर. मलिक अंबरही सिद्दीच. तो इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्यानेच वसवलं आणि तिथे नहरीचं पाणी खेळवलं. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. भातवडी अहिल्यानगरजवळ आहे, इथून काही फार लांब नाही. इतक्या जवळच्या माणसाला आपल्या कादंबरीने किती जागा दिली? शत्रू झाला तर सिद्दी दिसतो, दोस्त झाला की दिसेनासा होतो. हा दोष इतिहासाचा नाही, लिहिणाऱ्यांचा आहे.

जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, सिद्दी मात्र आहेत. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात त्यांच्या वाड्या आहेत. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गोव्यात आणलेले गुलाम पळून घाट चढले, त्यांचे वंशज यांच्यात आहेत. घरात कोकणी बोलतात, तीत मराठी आणि कानडी मिसळलेली. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. बाया जुन्या लुगड्यांची कवंदी शिवतात. आपल्या गोधडीची ती बहीणच. कडेने शिवत शिवत मध्याकडे यायचं आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाची दुमडलेली फुलं लावायची. फुलं नसतील तर कवंदी उघडी राहिली म्हणतात.

या माणसांना सरकारने काय म्हटलं? कर्नाटकात २००३ मध्ये ते अनुसूचित जमात झाले, पण उत्तर कन्नड जिल्ह्यापुरते. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना २०२० पर्यंत थांबावं लागलं. गुजरातेत सौराष्ट्रातले सिद्दी यादीत आहेत, भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्याभोवती राहणारे नाहीत. गोव्याच्या यादीत सिद्दी आहे. ज्या महाराष्ट्रात जंजिरा आहे त्याच्या यादीत नाही. रक्त तेच, पूर्वज तेच, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की माणूस बदलतो? असली व्यवस्था खपवून घेण्याचं काहीच कारण नाही.

हा झगडा एकट्या भारताचा नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज लॅटिन अमेरिकेत कोट्यवधी आहेत. डॉमिनिकन प्रजासत्ताकात सावळ्या माणसाच्या ओळखपत्रावर वर्षानुवर्षं ‘इंडिओ’ लिहिलं गेलं, कारण आफ्रिकी मूळ कबूल करायचं नव्हतं. मेक्सिकोच्या जनगणनेत ‘तुम्ही आफ्रिकी वंशाचे आहात का’ हा प्रश्न २०२० साली आला, आणि पंचवीस लाखांहून अधिक लोकांनी हो म्हटलं. लोक होतेच, विचारलं नव्हतं. ब्राझीलमध्ये रंग ज्याचा त्याने सांगायचा असतो. २०२२ मध्ये स्वतःला ‘पार्दो’, म्हणजे मिश्रवर्णी, म्हणवणारे ४५.३ टक्के निघाले, गोरे म्हणवणाऱ्यांहून जास्त. त्याच देशात २००७ मध्ये ब्राझिलिया विद्यापीठाच्या समितीने राखीव जागांसाठी फोटो पाहून निवाडा केला. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांपैकी एक काळा ठरला, दुसरा नाही! बोभाटा झाल्यावर निर्णय फिरवावा लागला. परक्याच्या नजरेवर ओळख सोपवली की हे होणारच.

आपल्याकडे फोटो लावत नाहीत, कागद मागतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये सुरू केलेल्या कायद्याने रामोशी, कैकाडी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला. त्यांच्या नातवंडांना आज जातीचा दाखला हवा असेल तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांना गावात राहू दिलं नाही त्यांच्याकडे गावचा कागद मागायचा, आणि पुराव्याचा सगळा भार, २००१ च्या जात प्रमाणपत्र कायद्याने, अर्जदारावरच टाकायचा!

ओळख ज्याची त्याने सांगावी म्हटलं की ठरलेला आक्षेप येतो: मग खोटे दाखले वाढतील. खोटे दाखले निघतात, आणि ज्यांचा हक्क त्यामुळे बुडतो ते गरीबच असतात. पण मोजणी वेगळी आणि सवलत वेगळी. मोजणीत माणूस सांगेल तेच लिहिलं पाहिजे. सवलतीसाठी तपासणी जरूर व्हावी, पण जुनी दप्तरं सरकारच्या ताब्यात आहेत, ती सरकारने धुंडाळावीत. चालीरीती विचारून केली जाणारी ‘आप्तभाव चाचणी’ हा अंतिम निकष नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेच मार्च २०२३ मध्ये सांगितलं आहे. शिकून शहरात वाढलेल्या मुलाला आजोबांच्या विधींची प्रश्नपत्रिका देणं बंद झालं पाहिजे.

आता शिरूर आणि दौंडपुरतं. प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत आहे, म्हणजे ऐन गळीत हंगामात. तेव्हा या नदीकाठच्या फडांशेजारी ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडलेल्या असतील. त्यांत बंजारे असतील, वंजारी असतील, दलित आणि इतर भटके असतील. प्रगणक रस्त्याकडेला गाडी लावून मुकादमाला विचारेल आणि तो सांगेल ती जात सगळ्या टोळीच्या नावावर चढेल, हा धोका खरा आहे. दोन्ही तालुक्यांच्या ग्रामसभांनी आत्ताच ठराव करावेत: प्रगणकासोबत गावचा एक शिकलेला तरुण किंवा तरुणी प्रत्येक कोपीपर्यंत जाईल, कोयता घेणाऱ्या बाईलाही तिचं नाव आणि जात तिच्याच तोंडून विचारली जाईल, आणि लिहिलेलं तिला तिथेच वाचून दाखवलं जाईल. इथे बसलेल्या लेखकांनी त्या कामाला आपली नावं संमेलन संपायच्या आत द्यावीत.