खोलीतून जगापर्यंत पोहोचलेला सूर

ब्रिटिश गायिका पिंकपँथरेस हिने लंडनमध्ये शिकत असताना गॅरेजबँड या, ॲपलच्या संगणकांवर विनामूल्य मिळणाऱ्या ध्वनिमुद्रण-प्रणालीवर स्वतःच गाणी रचली आणि त्यांचे छोटे तुकडे टिकटॉकवर ठेवून श्रोत्यांचा कौल घेतला. ‘पेन’ या गाण्यात तिने सॅम्पलिंगचा, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा अंश नव्या रचनेत गुंफण्याच्या तंत्राचा वापर करून २००० सालच्या ‘फ्लॉवर्स’ या नृत्यगीताची सुरावट घेतली. त्या चपळ तालावर कानाशी गुणगुणल्यासारखा हलका आवाज सोडण्याची तिची जाण खरोखर विलक्षण आहे. २०२१ च्या ‘टू हेल विथ इट’ या संग्रहातील १० गाणी १९ मिनिटांच्या आत संपतात. २०२२ साठी बीबीसीच्या ‘साउंड ऑफ’ या, उदयोन्मुख कलावंतांच्या सन्मानासाठी तिचीच निवड झाली.