तापलेलं कार्ड आणि पिठाची गिरणी

आज बोलायचंय ते आमच्या गटाच्या कॉम्प्युटरबद्दल. पापड, शेळ्या, शिवणकाम सोडून हे काय मध्येच, असं काहींना वाटेल. पण आता बऱ्याच गटांकडे कॉम्प्युटर आलाय. कुणी ऑनलाइन फॉर्म भरतं, कुणी लग्नपत्रिका करतं. आम्ही लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ एडिट करून देतो. गावातल्या दोन मुली ते काम शिकून आल्या, तेव्हा गटानं अंतर्गत कर्जातून जुना कॉम्प्युटर घेतला, ३४,००० रुपयांना. व्हिडिओच्या कामासाठी त्यात एक वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. पडद्यावरचं चित्र घडवायचं काम ते करतं, आणि व्हिडिओ तयार होताना फार राबतं.

एप्रिलमध्ये ते राबता राबता बसायला लागलं. आधी पंख्याचा घरघर आवाज, मग काम रेंगाळायचं, मग पडदा काळा आणि कॉम्प्युटर आपोआप बंद. ऐन लग्नसराई, दोन घरांचे पैसे आगाऊ घेतलेले. तालुक्याला दुकानात दाखवलं. त्यांनी न उघडताच सांगितलं, कार्ड गेलं, नवं टाका, १५,००० लागतील. त्या महिन्याच्या बैठकीत आमची चांगलीच जुंपली. एक मावशी म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हणत होते, दुसरी गिरणी घ्या." कर्जाचे हप्ते अजून अर्धे बाकी होते, त्यामुळे कुणाला उत्तर सुचेना.

मग त्या मुलींपैकी एक म्हणाली, आधी ते किती तापतंय ते तर बघू. हे बघणं सोपं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जायचं आणि जीपीयू निवडायचं. विंडोज फार जुनं नसेल तर तिथं कार्डाचं तापमान दिसतं. आमचं नुसतं बसलेलं असताना ५८ अंश होतं. व्हिडिओ सुरू करून दहा मिनिटं झाली आणि ते ९१ वर गेलं. बरीच कार्डं ८० च्या पुढे गेली की जीव वाचवायला आपला वेग स्वतःच कमी करतात, आणि फारच तापली तर बंद पडतात. म्हणजे कार्डात जीव होता. खोलीतच ४० अंश होते हेही लक्षात घ्या. पंखा खोलीतलीच हवा ओढतो, खोलीपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. त्यामुळे हिवाळ्यात जे कार्ड ७५ ला चालतं, ते मे महिन्यात ८५ च्या पुढे जाणारच.

कॉम्प्युटर बंद केला, वायर भिंतीतून काढली, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग डब्याच्या पत्र्याला हात लावला, कारण अंगातली स्थिर वीजसुद्धा कार्डाचं नुकसान करते. बाजूचं झाकण काढलं आणि आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कार्डाच्या पंख्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामधून हवा जाऊन उष्णता बाहेर पडते. त्या सगळ्या पिठानं आणि धुळीनं बुजलेल्या. कुठे ठेवला होता कॉम्प्युटर? गटाच्या पिठाच्या गिरणीपासून दहा फुटांवर! वेगळ्या खोलीचं भाडं वाचावं म्हणून आम्हीच एकमतानं ठरवलं होतं. इतिवृत्तात तशी नोंदही आहे.

कार्ड काढून अंगणात नेलं, मऊ ब्रशनं आणि हवेच्या ब्लोअरनं साफ केलं. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो वाऱ्यानं भलताच जोरात फिरतो आणि खराब होतो. ओलं फडकं चालत नाही. एवढ्यानं ९१ चे ८४ झाले. पण तेवढं पुरेसं नव्हतं.

आता पेस्टचा भाग. कार्डाची मुख्य चिप आणि वरची धातूची बैठक या दोन्ही दिसायला गुळगुळीत असतात, पण एकमेकींवर ठेवल्या तर मध्ये बारीक फटी राहतात आणि त्यांत हवा असते. भाकरी तव्याला जिथं टेकत नाही तिथं कच्ची राहते ना, तसंच. हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. त्या फटी भरायला थर्मल पेस्ट लावतात. काही वर्षांत ती सुकते. आमची वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती.

उघडायच्या आधी कार्ड पाचेक मिनिटं चालवून कोमट केलं, म्हणजे जुनी पेस्ट सैल होते. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढला. चिपभोवतीचे चार स्क्रू एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे, लावतानाही तसंच. बैठक अडली तर खेचायची नाही, हळूच इकडून तिकडे हलवायची. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची. घरातलं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा थर मागे राहतो. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, प्लास्टिकच्या पट्टीनं पातळ पसरायची, पण चिपचा कोपरा उघडा राहता कामा नये. जास्त लावली तर कडेनं बाहेर येते. टूथपेस्ट चालते असं कुणी सांगेल. ती लवकर वाळते, करू नका. आजूबाजूच्या छोट्या चिपांवर मऊ पॅड असतात. ते फाटले तर तेवढ्याच जाडीचे नवे लावायचे, तिथं पेस्ट चालत नाही.

सगळं बसवलं, सुरू केलं, आणि पंखाच फिरेना. त्याची बारीक वायर लावायची राहिली होती. परत उघडावं लागलं. एकदा बैठक उचलली की पेस्टमध्ये हवा शिरते, म्हणून पुसून पुन्हा नव्यानं लावली. ट्यूब आणि अल्कोहोल मिळून ५०० रुपयांच्या आतच काम झालं. तेच व्हिडिओचं काम, तीच दुपार, आणि आकडा ७४ वर थांबला. दोन्ही लग्नांचे व्हिडिओ वेळेत गेले.

कार्ड वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः उघडू नका, आधी दुकानात विचारा. आणि डब्यातली वीजपुरवठ्याची पेटी कधीच उघडायची नाही, ती वायर काढल्यावरही झटका देऊ शकते.

कॉम्प्युटर आता गिरणीपासून लांब आहे, त्या मावशींच्याच बाहेरच्या खोलीत. भाडं ५०० ठरलं, त्यांनी एक रुपया सोडला नाही. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलाय, आणि पाण्याच्या कूलरची ओली हवा थेट त्यावर येऊ देत नाही. बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर दर बैठकीला तापमान लिहितो. परवा ७६ होतं. ८५ झालं की पुन्हा उघडायचं, असा ठराव झालाय.