आर्थिक महासत्तेचा पाया : जपानचा धडा



काही राष्ट्रे आर्थिक महासत्ता का होतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा खनिजसंपत्तीत, सुपीक जमिनीत किंवा विस्तीर्ण भूप्रदेशात शोधले जाते. या साधनांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु केवळ त्यांनीच सारे ठरत असते, तर जपान कधीच पुढे आला नसता. डोंगराळ बेटे, लोहखनिज तुटपुंजे, खनिज तेल जवळजवळ नाहीच! तरीही १९६८ साली पश्चिम जर्मनीस मागे टाकून या देशाने बिगरसाम्यवादी जगात अमेरिकेखालोखाल स्थान मिळविले. या उत्कर्षाचा उगम एका सूतगिरणीच्या इतिहासात पाहावयास मिळतो.

मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची स्थापना १८५४ सालची. ओसाका येथील मोठी सूतगिरणी १८८३ साली सुरू झाली. म्हणजे आपण जवळजवळ तीन दशके पुढे होतो आणि त्या काळी मुंबईचे सूत जपानच्या बाजारात विकले जात होते. ओसाकाच्या गिरणीपूर्वी जपान सरकारने दोन दोन हजार चात्यांच्या लहान गिरण्यांना उत्तेजन दिले होते. त्यांपैकी बहुतेक पाण्याच्या शक्तीवर चालत आणि त्या किफायतशीर ठरल्या नाहीत. शिबुसावा एइइची या उद्योजकाने हे अपयश झाकून न ठेवता त्याचा अभ्यास केला. लंडनमध्ये शिकत असलेल्या यामानोबे ताकेओ या तरुणास त्यांनी कताईचे तंत्र आत्मसात करण्यास सांगितले. या तरुणाने ब्लॅकबर्नच्या गिरणीत प्रत्यक्ष काम केले आणि मायदेशी परतून १०,५०० चात्यांची, वाफेवर चालणारी गिरणी उभी केली.

पुढे १८९३ साली जमशेटजी टाटा यांच्या पुढाकाराने एका जपानी जहाज कंपनीची मुंबई-कोबे वाहतूक सुरू झाली. आपला कापूस तिकडे जाऊ लागला. १८९७ साली जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा अधिक झाली. कालचा गिऱ्हाईक आजचा प्रतिस्पर्धी बनला!

यात शासनाचा वाटा कोणता होता? परकीयांशी झालेल्या विषम तहांमुळे जपानला आयात जकात स्वेच्छेने वाढविता येत नव्हती. तो पूर्ण अधिकार १९११ साली मिळाला. तेव्हा शासनाने दुसरे मार्ग धरले. १८७२ साली सार्वत्रिक शिक्षणाचा कायदा केला. १८९४ साली सुतावरील निर्यात जकात आणि १८९६ साली कापसावरील आयात जकात रद्द केली. नेमक्या त्याच १८९६ साली हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारने मॅंचेस्टरच्या हितासाठी आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसविला. एका सरकारने आपल्या उद्योगाच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्याने पायात बेडी घातली. स्वराज्याचा आर्थिक अर्थ याहून स्पष्ट कोणता असेल?

परंतु यंत्रे विकत घेऊन भागत नाही. ती घडविताही आली पाहिजेत. तोयोदा साकिची यांनी १९२४ साली आपला स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने घेतले. हीच कंपनी पूर्वी जपानी गिरण्यांना यंत्रे पुरवीत असे. शिष्याकडून गुरूने विद्या घ्यावी, असा हा प्रसंग. त्याच तोयोदा घराण्याने १९३७ साली मोटारींची कंपनी स्थापन केली.

मित्रहो, या चित्राची काळी बाजू लपविणे योग्य होणार नाही. या गिरण्या खेड्यांतून आलेल्या कोवळ्या मुलींच्या श्रमावर उभ्या होत्या. रात्रपाळ्या आणि कोंदट वसतिगृहे यांमुळे अनेकींना क्षयाने ग्रासले. कारखाने कायदा १९११ साली झाला, तो अमलात आला १९१६ साली. स्त्रियांची रात्रपाळी बंद होण्यास १९२९ साल उजाडले. पुढे सामर्थ्याचे रूपांतर साम्राज्यतृष्णेत झाले आणि १९४५ साली देश उद्ध्वस्त झाला.

त्या राखेतून जे उभे राहिले, त्यामागे जुनीच विद्या होती. युद्धोत्तर जमीन सुधारणांनी कुळांना जमिनी मिळाल्या आणि ग्रामीण जनतेची क्रयशक्ती वाढली. १९५० साली अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांची गुणवत्ता नियंत्रणावरील व्याख्याने कारखानदारांनी शिष्यवृत्तीने ऐकली आणि ती आचरणात आणली. तथापि १९९० नंतर जमिनी व समभागांच्या फुगलेल्या किमती कोसळल्या, प्रगती मंदावली आणि २०१० साली चीनने जपानला मागे टाकले. महासत्तेचे पद हे कायमचे वतन नव्हे.

तात्पर्य, राष्ट्राचे खरे भांडवल म्हणजे त्याची शिकण्याची शक्ती होय. अपयशाचा प्रामाणिक अभ्यास, घेतलेल्या विद्येत स्वतःची भर आणि या दोहोंस पोषक असे शासन, यांवर समृद्धीची इमारत उभी राहते. मात्र तिच्या पायाशी कोणाचे आयुष्य चिरडले जात नाही ना, हेही पाहिले पाहिजे. ओसाकाच्या त्या मुलींचे ऋण कोणत्याही आकडेवारीत नोंदलेले नाही. उद्या आपल्यापैकी जे कारखाने उभारतील, त्यांनी शिबुसावांची जिज्ञासा जरूर घ्यावी. पण त्या मुलींचेही स्मरण ठेवावे, एवढीच विनंती.