पिकअप उंच करण्यापूर्वीं

आडवाटेनें गाडी हांकण्याची हौस लागली कीं पहिला विचार सुचतो तो गाडी उंच करण्याचा. पण उंच नेमकें काय होतें, हें क्वचितच पाहिलें जातें.

हायलक्ससारख्या पिकअपचा मागला आंस अखंड असून पाट्यांना बांधलेला असतो. आंस व पाटे यांमध्यें ठोकळे घातले तर सांगाडा वर जातो; आंसावरील डिफरन्शियलचा गोळा जागच्या जागींच राहतो, आणि दगडाला आधीं लागतो तो बहुधा हाच. त्यास उचलतो केवळ टायर, तोहि व्यासांतील वाढीच्या निम्म्यानें. दोन इंच मोठा टायर म्हणजे पदरांत एक इंच! गाडीचें पोट व नाक मात्र दगडांपासून सुटतें, हा लाभ खरा.

आतां किंमत पाहा. डाव्या-उजव्या चाकांत १५० सेंटिमीटर अंतर व गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटर उंच धरला, तर उभी गाडी हिशेबानें ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर चढवा, कीं ४३ अंशच पुरतात. चालत्या गाडीस, एका बाजूच्या स्प्रिंगा दबल्यावर, याहून पुष्कळ कमी.

नवशिक्यानें म्हणून मूळ उंचीवरच आरंभ करावा. वाळूंत टायरांतील हवा कमी करावी, पक्क्या रस्त्यावर येतांच पुन्हां भरावी. तरीहि उंची हवीच असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाचावें. नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार त्यानें वर्ज्य केला असून सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तेंच उचलून धरलें. परिवहन कार्यालयांत विचारूनच पाट्यांस हात लावावा. कारागीर हें सहसा आपण होऊन सांगत नाहीं.