नाव बाईचं, कर्ज कुणाचं?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण तलाठ्याकडे किती खेटे घातले! आता नाव न मागता लागतंय, पण कर्जखात्यावर. 2025 च्या सुरुवातीला मानखुर्दची बातमी आली. योजनेचे पैसे मिळवून देतो म्हणून साठाहून जास्त बायकांची कागदपत्रं घेतली आणि त्यांच्या नावावर महागड्या मोबाइलची कर्जं काढली.

आपल्याकडेही 2024 मध्ये लाडकी बहीणचे अर्ज भरताना आधारच्या झेरॉक्स कुणाकुणाच्या हातात गेल्या, आठवून बघा. शिवाय डिंभ्याच्या वरच्या गावांत रेंज नाही, म्हणून बाईचं आधार मुलाच्या नाहीतर दिराच्या मोबाइलला जोडलेलं. ओटीपी त्याच्याकडे जातो. चोर परकाच असतो असं नाही, हे बोलणं आपल्यालाही जड जातं.

वसुलीवाला दारात आला की घरचेच विचारतात, "तू अंगठा का दिलास?" छेडछाडीनंतर "तू तिथे गेलीसच का?" विचारतात, त्याच जातीचा हा प्रश्न. बाई घाबरते, डोरलं मोडून हप्ता भरते. हप्ता भरण्याआधी कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवायचं: हे कर्ज माझं नाही. अर्जाची प्रत, फोटो, सही दाखवा; आणि रक्कम कुठल्या खात्यात गेली ते सांगा. बहुतेक वेळा माग इथेच लागतो.

खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र आधी 1930 ला फोन. तासभरही थांबू नका. मग पोलीस ठाणं, मंचर असो की ओतूर. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "अर्ज ठेवून जा" म्हणाले तर पोच घ्या, एफआयआर मागा. एकटीला पाठवू नका.

नावावर आणखी काय चढलंय ते सिबिलसारख्या चार कंपन्यांच्या अहवालात दिसतं. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आणि गुन्हेगार घरातलाच निघाला तर? तक्रार करायची की नाही, हे ती ठरवेल. पण कर्ज तिचं नाही, एवढं तरी कागदावर यायलाच हवं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपलं आधार कुणाच्या नंबराला जोडलंय ते बघून या.